गल्लीतला कलामहोत्सव आणि कडेवरचं लेकरू: कामं कशी वाटून घ्यायची?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहतो. आमच्या गल्लीत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवसांचा कलामहोत्सव घ्यायचं घाटतंय. तालमीचा हॉल, दोन जुन्या वाड्यांची अंगणं आणि मधला रस्ता एवढीच जागा. चित्रं, शिल्पं, रांगोळ्या, संध्याकाळी गाणं, एक एकांकिका. कलाकार सगळे पेठेतलेच. बोर्ड रंगवणारे काका आहेत, पिढीजात गणपती घडवणारं एक घर आहे, कॉलेजातली पोरं आहेत आणि पन्नाशीनंतर जलरंग हातात घेतलेल्या एक काकूही आहेत.

मी जी. डी. आर्ट केलंय. लग्नाआधी प्रदर्शनांच्या मांडणीची कामं करायचे. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर, कशाच्या शेजारी, किती उंचीवर, उजेड कुठून, हे सगळं मला येतं आणि मनापासून आवडतं.

लेक पावणेदोन वर्षांची आहे. हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि दार उघडं दिसलं की बाईसाहेब रस्त्यावर. नवरा शिरोलीला फौंड्रीत पाळीवर असतो. सासूबाई प्रेमानं सांभाळतात, पण गुडघ्यांमुळे त्यांना तिच्यामागे पळणं होत नाही.

कमिटीच्या बैठका रात्री नऊला तालमीत. नेमकी तीच लेकीची झोपायची वेळ. आणि पहिल्याच बैठकीत, मी नसताना, मला "बालविभाग" देऊन टाकला. कारण काय, तर "वहिनींना लहान मूल आहे, त्यांना जमेल." मांडणी दिली एका उत्साही पण नवख्या मुलाकडे.

घरचे-दारचे सगळे सांगतात की यंदा सोड, पुढच्या वर्षी बघ. मला सोडायचं नाही. ज्यांनी लहान मूल सांभाळत असं काम केलंय त्यांनी सांगा, कामं कशी वाटून घेतलीत? कमिटीला काय सांगितलंत?

---

शेंगचटणी

माझं दीड वर्षाचं आहे. वाचतेय. उत्तरांची वाट बघतेय.

---

गंगावेसकर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. महोत्सव दरवर्षी होईल. लेकराचं हे वय परत येत नाही. तीन दिवसांचा कार्यक्रम म्हणजे आधीचा महिनाभर डोक्याला घोर: वर्गणी, परवानग्या, मांडववाला, लाइटवाला, ऐनवेळी रुसणारे कलाकार. मी गल्लीच्या मंडळात वर्षानुवर्षं काढलीत म्हणून सांगतो, हे काम अर्धवट होत नाही. एक वर्ष थांबल्यानं कला कुठं पळून जात नाही.

---

नवा_बाबा

गंगावेसकर, माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. मी यंदा गणपतीत मंडळाचा खजिनदार होतो. "लेकराचं वय परत येत नाही" असं मला गल्लीत एकानंही ऐकवलं नाही. उलट रात्री बारापर्यंत हिशेब लिहीत बसलो की "काय राबतोय गडी" म्हणून कौतुक. तेव्हा लेकराला घरी झोपवणारी बाई कुणाला दिसली नाही. चैत्रपालवींना थांबायला सांगणाऱ्यांनी हे आधी बघावं.

---

शेंगचटणी

नवा_बाबा, +१०००. हे घरी मोठ्यानं वाचून दाखवलं.

---

मंगळवारातली_आक्का

पोरी, मी सांगतो ते ऐक. माझी तीन पोरं झाली आणि गल्लीतलं एक हळदीकुंकू, एक भजन चुकलं न्हाई. तवा रस्त्यावर गाड्या न्हवत्या, शेजारीण आपल्या पोरासारखं बघायची, ते खरं. पर आता बी गल्ली हाय की! लाजायचं न्हाई. कमिटीत जाऊन सांग, मी भिंती बघतो, माझ्या पोरीला आळीपाळीनं चार घरं बघतील. गल्लीचा उत्सव म्हणताय न्हवं, मग पोरगी बी गल्लीचीच. आणि नऊची बैठक कशापाई? दिवसा तोंडं शिवल्यात काय सगळ्यांची?

---

तिसरी_घंटा

हौशी नाटकात पडद्यामागची कामं करते, मुलगा आता शाळेत जातो. तो तान्हा असल्यापासून काम चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मांडणीचं काम भिंतीसमोर उभं राहून जितकं होतं तितकंच कागदावर होतं. हॉलची मापं एकदा टेप लावून घ्या. दारं, खिडक्या, प्लगचे पॉइंट टिपा. मग चौकटीच्या वहीत भिंती काढा आणि प्रत्येक चित्राचा त्याच प्रमाणात कापलेला कागद त्यावर सरकवत बसा. लेक दुपारी झोपते त्या वेळात हे घरी बसून होतं. चित्रांची यादी, नावांच्या पट्ट्या, कुणाकडून काय घेतलं त्याची सही केलेली पावती आणि चित्र आलं तेव्हाचा मोबाइलमधला फोटो हीसुद्धा घरी बसून करायची कामं. पावती मात्र टाळू नका. काचेला आधीच तडा होता की आपल्याकडे गेला, यावरून सख्खे शेजारी बोलायचे बंद झालेले मी बघितलेत.

प्रत्यक्ष टांगणं हे एका दिवसाचं, दोन ताकदीच्या पोरांचं आणि एका नजरेचं काम आहे. नजर तुमची. त्या दिवशी लेक हॉलमध्ये नकोच. हातोडा, खिळे, शिडी असतात. त्या एका दिवसापुरती नवऱ्यानं रजा काढावी, हे आत्ताच ठरवा. ऐनवेळी पाळी बदलून मिळत नाही.

त्या नवख्या मुलाला काढू नका, हाताखाली घ्या. शिकेल. पुढच्या वर्षी तुमच्याकडे दोन नजरा होतील.

आणि एक विनंती, जी मी आता प्रत्येक कार्यक्रमात करते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आमच्यातले कितीतरी जण रस्त्यावर उभे राहून रडले. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते थिएटर. तेव्हापासून मी वायरिंगच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. हॅलोजन कापडापासून लांब, एका एक्स्टेन्शन बोर्डावर चार चार दिवे नाहीत, जॉइंटला टेप आणि जमिनीवरून जाणारी वायर झाकलेली. लहान मुलं असतील तर वायरी हाताला येतील अशा नकोतच. अग्निशामक सिलिंडर दाराशी, आणि तो चालवता येणारा माणूस सतत हजर.

---

चैत्रपालवी

तिसरी_घंटा, चौकटीच्या वहीची कल्पना फारच उपयोगी आहे. आजच मापं घेऊन आले. आक्का, तुमचा निरोप कमिटीला जसाच्या तसा देणार आहे!

गंगावेसकर, राग नाही. पण काम अर्धवट होत नाही म्हणता, तेच तर मी विचारतेय. पूर्ण काम, पण दिवसाच्या वेगळ्या वेळी, असं का होऊ नये?

---

कुंचला_आणि_कुऱ्हाड

जरा अवांतर. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते आर्ट कॉलेजांमुळे झालं नाही. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) आर्ट स्कूलची पायरी चढले नाहीत. घरातच कारागिरी होती, ती बघत हात तयार झाला. ते आणि आनंदराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. तिथून सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी कॅमेरा इथेच घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. आबालाल रहिमान मात्र मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून परत आले, शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगा रंगवत इथेच राहिले, १९३१ साली जाईपर्यंत. ज्यांनी टाऊन हॉलच्या संग्रहालयात जाऊन त्यांची चित्रं बघितली नसतील त्यांनी उद्याच जावं.

सांगायचं ते हे की इथली कला घरात, कारखान्यात, पोराबाळांच्या गोंगाटात वाढली. मूल मध्ये येतं म्हणून कला बाजूला ठेवा हा विचारच आपल्याकडचा नव्हे.

---

पेठेतली_सून

कुंचला, छान लिहिलंत. पण त्या कारखान्यातल्या पोरांना जेवू कोण घालत होतं, त्यांची आजारपणं कोण काढत होतं? पडदे रंगवणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्या घरांतल्या बायकांपैकी कुणाचा हात रंगाला चांगला होता, हे कुठे लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही. "पोराबाळांच्या गोंगाटात" हे शब्द गोड आहेत, पण तो गोंगाट कुणीतरी सांभाळत होतं म्हणून दुसऱ्याला ब्रश धरता आला.

---

कुंचला_आणि_कुऱ्हाड

पेठेतली_सून, मान्य. हे मी पुढे कधीही लिहिताना विसरणार नाही.

---

स्टेथो_आणि_सतार

मुलांचा डॉक्टर आहे, गाण्याचा शौकीन आहे, म्हणून दोन्हीकडून लिहितो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची झोप धरून. महोत्सवाचे तीन दिवस दुपारची झोप मोडली तर संध्याकाळी मूल किरकिरं होणारच. त्याला हट्टी म्हणू नका, ते दमलेलं असतं. म्हणून दुपारी एक ते चार तुमच्याकडे काम ठेवूच नका.

आता प्रदर्शनातल्या वस्तू. नाण्यासारखे चपटे सेल, जे हल्ली छोट्या दिव्यांच्या माळांत असतात, ते तुमच्या हॉलमध्ये एकही नको. मुलानं गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून जखम होते. असा नुसता संशय आला तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठायचं. कागद टांगायला वापरतात ती छोटी लोहचुंबकं तितकीच वाईट. दोन गिळली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून चिकटतात. ड्रॉइंग पिनांऐवजी टेप वापरा. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला.

चित्रकार मंडळींना हात जोडून सांगणं: टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका. मूल पाणी समजून पितं आणि ते फुप्फुसात उतरतं. ब्रश धुवायच्या बादल्याही उघड्या नकोत. वीतभर पाण्यात डोकं खाली गेलं तर या वयाच्या मुलाला स्वतःहून वर येता येत नाही.

आवाजाचंही बघा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. गाण्याच्या मैफलीला भिंतीसारखे स्पीकर लागत नाहीत. देवल क्लबसारखी गायनाची संस्था असलेल्या गावात तरी गाणं कानाला हळुवारच ऐकवावं.

---

मिसळीचा_कट

सगळं वाचलं. खाण्याचं कुणीच बोललं नाही! कोल्हापुरात माणूस चित्र बघायला येतो आणि कटवडा खाऊन जातो.

---

मंगळवारातली_आक्का

मिसळीच्या कटा, लहान पोरं हायत तिथं तिखट कमी ठेव बाबा. मऊ भात, दूध, केळी ठेवा एका बाजूला. आणि आयांना बसून पाजायला एक आडोसा करा, पडदा लावून. पाणी पाहिजे, पंखा पाहिजे. हे कुठल्याच उत्सवात नसतंय.

---

माती_आणि_चाक

आमचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेत, मूर्ती डोक्यावर घेऊन वरच्या मजल्यावर पळालोय, त्यामुळे तीन दिवसांचा महोत्सव आम्हाला अवघड वाटत नाही!

बालविभाग कुणाकडेही जाऊ दे, पण तो मातीचा करा. शाडू आदल्या रात्री भिजवून मळून ठेवायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा. दोन वर्षांच्या पोराला मूर्ती करायला सांगायची नाही. नुसता गोळा द्यायचा. ते थापटतंय, बोट खुपसतंय, तोडतंय, तेच त्याचं काम. जरा मोठ्या पोरांना बेंदराचे बैल करायला लावा. शिंगं, वशिंड, चार पाय, आणि बैल उभा राहिला की त्यांचा चेहरा बघा.

रंग पाहिजेत तर मैद्याची पातळ खळ शिजवा, त्यात हळद, बिटाचा रस, पालकाचा रस. हळदीच्या रंगावर खायच्या सोड्याचं पाणी शिंपडलं की तो लालसर होतो, मोठी पोरं त्यावर तासभर रमतात. हळदीचे डाग जात नाहीत, आयांना आधी सांगा. रांगोळीची पूड मात्र धाकट्यांच्या हातात नको, डोळ्यांत जाते.

मी दोन सकाळी येतो. बालविभाग माझ्याकडे द्या आणि चैत्रपालवींना भिंती द्या.

---

नवा_बाबा

मातीला मदतनीस म्हणून मी येतो. मुलगा घेऊनच येईन.

---

गंगावेसकर

परत लिहितोय. वर बरंच वाचलं आणि घरी बायकोशी बोललो. तिनं सरळ विचारलं, "तुमच्या बैठका मी किती वर्षं झोपलेल्या पोरांशेजारी बसून ऐकल्या, खिडकीतनं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. संध्याकाळचे कार्यक्रम लांबतात. नऊ म्हणता साडेदहा होतात, पाहुण्यांचे सत्कार संपत नाहीत. लहान मूल असलेल्या माणसाला संध्याकाळची जबाबदारी देऊच नका, बाई असो की बाप्या. सकाळची द्या. आणि सत्काराला शाल-नारळ बंद करा, निम्मा वेळ तिथंच जातो.

तारखेचंही बोलतो. फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरू नका. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला अंबाबाईचा किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात ती बघायला महाद्वार रोडकडं संध्याकाळी गर्दी. पुढे बारावीची परीक्षा लागते, कॉलेजची पोरं मिळत नाहीत आणि गल्लीत आवाज नको म्हणून घराघरातनं तक्रारी येतात. प्रजासत्ताक दिनाला जोडून घ्या. सुट्टी असते, थंडी असते, पोरांना ऊन लागत नाही. पोलीस ठाणं आणि महापालिकेच्या परवानगीचे अर्ज महिनाभर आधी द्या. हे कागद मी बघतो, मला त्याची सवय आहे.

---

तिसरी_घंटा

गंगावेसकर, मनापासून आभार. शाल-नारळाबद्दल तर जास्तच.

---

शेंगचटणी

एक विचारायचं होतं. आम्ही प्रदर्शनाला जातो तेव्हा चित्रं सगळी मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. पोराला उचलून दाखवावं लागतं आणि पाचव्या चित्राला हात भरून येतो. खाली काही लावता येईल का?

---

चैत्रपालवी

शेंगचटणी, हे तू विचारलंस आणि मी वही उघडून सगळी रचना पुन्हा मांडली!

आमच्याकडे चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर धरतात. दोन वर्षांचं मूल सगळं मिळून पावणेतीन-तीन फुटांचं, त्याचे डोळे अडीच फुटांवर. म्हणून आता वाड्याच्या एका अंगणात अख्खी भिंत अडीच फुटांवर लावतेय. काचेच्या फ्रेमा नाहीत. बोर्डवाल्या काकांनी लाकडी फळ्यांवर ऑइलपेंटनं मोठी चित्रं करायचं कबूल केलंय: म्हैस, कुस्तीतले दोन पैलवान, रंकाळ्यावरचे बगळे, उसाची गाडी. पक्कं वाळायला वेळ द्यायचा म्हणून ते याच आठवड्यात सुरू करतायत. पोरांनी हात लावला तरी चालेल अशीच हवीत असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, आयुष्यभर "हात लावू नये" एवढंच लिहीत आलो, हे पहिल्यांदाच.

आता कमिटीचं. मागच्या नऊच्या बैठकीत आक्कांचा निरोप वाचून दाखवला, "तोंडं शिवल्यात काय" सकट. अध्यक्षकाका आधी गप्प होते, मग म्हणाले की नऊची वेळ कुणी ठरवली हे त्यांनाही आठवत नाही. बैठक आता रविवारी सकाळी अकराला, वाड्याच्या अंगणात. लेकरं घेऊन यायचं. पहिल्याच रविवारी अजून दोघी आल्या, ज्या आजवर कधी आल्या नव्हत्या. त्यातली एक हिशेबात पक्की निघाली.

भिंती माझ्याकडे आल्या. तो नवखा मुलगा माझ्याबरोबर आहे आणि त्याला उजेडाची खरोखर जाण आहे. बालविभाग माती_आणि_चाक आणि नवा_बाबा बघतील. तारीख प्रजासत्ताक दिनाला जोडून. दुपारी एक ते चार हॉल बंद, सगळ्यांनाच विश्रांती. टांगण्याच्या दिवसासाठी नवऱ्यानं रजेचा अर्ज दिलाय. पाजायच्या आडोशाला वाड्याची ओसरी मिळाली, पंख्यासकट.

सासूबाई म्हणाल्या की पळणं जमत नाही, पण ओसरीत बसून आलेल्या प्रत्येक आईला पाणी देईन आणि गप्पा मारीन. त्यांचं नाव कमिटीच्या पत्रकात घालतेय.

अजून एक अडलंय. अंगणातल्या जुन्या भिंतीत खिळा मारायला मालक नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे, चुन्याची भिंत आहे. फळ्या उभ्या करायला लाकडी तिकाटणी हवीत, पोरानं टेकलं तरी न कलंडणारी. कुणाकडे आहेत?

---

तिसरी_घंटा

आमच्या नाटकाच्या सामानात जाड पायांची आहेत, मागून वाळूची पोती टाकून पक्की करता येतात. किती हवीत?

---

चैत्रपालवी

आठ मिळाली तर फार बरं.

---

तिसरी_घंटा

सहा माझ्याकडे आहेत. दोन गंगावेसकर शोधतील.

---

गंगावेसकर

तालमीच्या माळ्यावर असणार. रविवारी अकराला घेऊन येतो. वाळू पण आणतो.